गेटबाहेरचं शून्य

टॉवेल कारखान्याच्या सांडपाण्याच्या टाकीत उतरायला बिरुदेव कमरेला दोर बांधून तयार होता. विषारी वायू दाखवणारं गॅस मीटर त्यानं टाकीच्या तोंडाशीच चालू करून, बटण दाबून तिथल्याच हवेत शून्यावर आणलं होतं.

"बगा मॅडम, शून्य. उतरू?"

सेफ्टीच्या प्रियदर्शनी मॅडम दुसऱ्याचं शून्यसुद्धा उसनं घेणाऱ्यातल्या नव्हत्या. मीटर उचलून त्या सोलापूरच्या भर उन्हात गेटबाहेर निघाल्या.

"मीटरला हवा खायला न्हेताय व्हय?"

"हो. इथली खाऊन ते हिलाच चांगली समजायला लागलंय."

मोकळ्या हवेत मीटर शून्यावर आणून त्या परतल्या. टाकीजवळ येताच ते किंचाळायला लागलं. बिरुदेव झटकन मागं सरकला.

"आत गॅस हाय, हे तुमाला आदीच कळलं व्हतं?"

"नव्हतं कळलं. म्हणून तर गेले."