सर्व हरकती वाचून

"सही तेवढी राहिलीय," म्हणत साहेबांनी कागद बाईंच्या टेबलावर सरकवला.

लिफ्टची तपासणी सहा महिन्यांऐवजी दोन वर्षांनी करायची, असा नवा नियम यायचा होता. त्यावर लोकांच्या हरकती मागवल्या होत्या आणि त्या वाचायचं काम बाईंकडे होतं. अख्खं ऑफिस त्यांना मास्तरीण म्हणायचं. साहेबांच्या टिपणातले ऱ्हस्व-दीर्घही त्या लाल पेनने सुधारून परत पाठवत.

बाईंनी कागद वाचला. 'आलेल्या सर्व सहाशे बारा हरकती वाचून विचारात घेतल्या. मसुद्यात बदलाची आवश्यकता नाही.' खाली त्यांचंच नाव टाइप केलेलं.

"मी एकशे एक्केचाळीस वाचल्यात, साहेब. बाकीच्या अजून पोत्यात आहेत. मुदत परवा तर संपली."

"अहो, शितावरून भाताची परीक्षा. दहा वाचल्या काय नि सहाशे काय, रडगाणं एकच. चार वाजता फाइल वर जायचीय."

"एक तरी ऐका." बाईंनी गठ्ठ्यातून वहीचं एक पान ओढलं. जन्मभर लिफ्टचं काम केलेल्या एका मिस्त्रीने लिहिलं होतं: 'लिफ्टच्या दोरावर ग्रीस असतं. तुटलेली तार डोळ्याला दिसत नाही. दोरावरून फडकं फिरवायचं. अडकलं, की तिथे तार तुटली समजायचं. दर सहा महिन्यांनी फिरवलं, की वेळेत अडकतं. दोन वर्षं कुणी फडकंच फिरवलं नाही, तर काय होतं ते मला विचारा. माझा मेहुणा आत होता. फडकं सोबत टाचलं आहे.'

पानाला खरंच एक काळं, चिकट फडकं टाचलेलं होतं. मधोमध धागे ओढून निघालेले.

साहेबांनी ते चिमटीत धरलं, पानापासून उपटलं आणि टेबलाखालच्या टोपलीत टाकलं.

"घाण नुसती," रुमालाला बोटं पुसत ते म्हणाले. "अमान्य लिहा. कारण, तांत्रिक पुरावा जोडलेला नाही."

बाईंनी वाकून टोपलीतून फडकं काढलं, टेबलावर सरळ केलं, पुन्हा पानाला टाचलं. दोन टाचण्या वाकड्या गेल्या, तिसरी बसली.

"सही," साहेब म्हणाले.

"नाही करणार."

"बाई, तुम्ही कारकून आहात. नियम तुम्ही करत नाही."

"मी वाचते. तेवढंच काम दिलंय मला, तेही खोटं करू?"

"बदलीची ऑर्डर निघायला अर्धा दिवस लागतो."

"काढा. तोवर या फाइलवर सही माझीच लागते."

खोलीतलं टाइपिंग थांबलं. शेजारच्या टेबलावरचे भाऊसाहेब रिकाम्या ड्रॉवरमध्ये मन लावून काहीतरी शोधू लागले.

बाईंनी पोतं दोन्ही हातांनी ओढत टेबलाजवळ आणलं. वरचं पाकीट फोडलं आणि उभ्यानेच, पाठच्या भिंतीपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात वाचायला सुरुवात केली.

"'मी आणि माझ्या सासूबाई अकराव्या मजल्यावर राहतो. त्यांना जिना उतरता येत नाही. लिफ्ट मध्येच थांबते, तेव्हा त्या माझा दंड धरतात नि मला म्हणतात, घाबरू नकोस, सरकारचा माणूस येऊन बघून जातो. आता त्यांना काय सांगू?'"

"हे कुणाला ऐकवताय तुम्ही?" साहेबांचा आवाज चढला.

"तुम्हाला. वाचायचं काम माझं, ते मी करतेय. विचारात तुम्हीच घ्यायचंय."

बाईंनी समोरची खुर्ची पायाने पुढे ढकलली.

"बसा," त्या म्हणाल्या, आणि पुढचं पाकीट फोडलं.