माणूस कशाने बघतो?

"माणूस कशाने बघतो?" दरवानाने किल्ल्याच्या दरवाजाच्या फटीला तोंड लावून विचारलं.

"डोळ्यांनी! उघड रे बाबा, मरतोय इथं," बाहेरून कोणीतरी ओरडलं.

अडसर सरकला आणि एक जखमी शिपाई आत कोसळला. आपलाच होता.

खालच्या मैदानात सकाळपासून दोन बादशहांच्या फौजा भिडल्या होत्या. त्या दोघांपैकी एकालाही हा किल्ला नकाशाशिवाय सापडला नसता, पण दोघांनाही तो हवा होता. परतणारे शिपाई धुळीने आणि तोफांच्या काजळीने असे माखलेले, की सख्ख्या आईलाही ओळखू येऊ नयेत. कालच शत्रूने मेलेल्या शिपायांचे अंगरखे चढवून पलीकडची चौकी घेतली होती. परवलीचा शब्दही फुटला होता. इथं दार एकदा चुकून उघडलं असतं, तर आतली बायकापोरंसुद्धा वाचली नसती.

तोड दरवानानेच काढली. सरहद्दीपलीकडच्या माणसांना 'ळ' म्हणता येत नाही, जीभ मागे वळतच नाही त्यांची. हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? त्याची बायको पलीकडचीच. लग्नाला पंचवीस वर्षं होऊनही ती 'सगलं' आणि 'वेल'च म्हणायची. जेवताना दरवान तिला मुद्दाम विचारायचा, "माणूस कशाने बघतो गं?" ती बिचारी 'डोल्यांनी' म्हणायची आणि याला हसू आवरायचं नाही. चार दिवसांपूर्वी, मुलगा फौजेबरोबर निघाला त्या सकाळी, ती भरल्या ताटावरून उठून गेली. तरी हा हसतच राहिला.

किल्लेदाराला युक्ती पटली, पण त्याने एक शंका काढली होती. "तुझा मुलगाही बाहेर आहे. बोलण्यात आईवर गेला असला तर?"

"छे, सरकार! त्याचा 'ळ' माझा आहे. अगदी खणखणीत."

दारावर पुन्हा थाप पडली. या वेळी हलकी, जेमतेम ऐकू येईल अशी.

"माणूस कशाने बघतो?"

बाहेर कोणीतरी चक्क हसलं. आवाज पार घोगरा, बसलेला.

"डोल्यांनी!"

भिंतीतल्या भोकाशी बसलेल्या बंदूकवाल्याने बंदूक रोखली. दरवानाने त्याला हाताने थांबवलं. एखाद्याची जीभ घसरतेही. त्याने पुन्हा विचारलं, सावकाश, एकेक शब्द सुटा करून.

"डोल्यांनी हो, डोल्यांनी!" पुन्हा तेच हसू. तो पुढेही काही सांगू पाहत होता, पण खोकल्याची उबळ आली आणि शब्द आतच राहिले.

दरवानाचं डोकं फिरलं. "दारात येऊन वर हसतोय! घाल गोळी."

बंदूकवाल्याने घातली. नंतर थाप पडली नाही.

उन्हं कलायला लागली तेव्हा दरवानाची बायको भाकरतुकडा घेऊन दरवाजापाशी आली.

"जेवून घ्या. सकालपासून उपाशी आहात."

दरवान खुशीत होता. "अगं, आज तुझ्या बोलण्यानं किल्ला वाचला."

तिला काही उमगलं नाही. तिने फडकं सोडलं. "आपला आला का?"

"येईल. त्याची कसली काळजी? दार ओलांडायला त्याला काही अडचण नाही."

चार दिवसांत पहिल्यांदाच ती हसली.

"आला की विचारा बरं त्याला तुमचा तो प्रश्न."

"त्याला कशाला? त्याला येतं नीट बोलता."

"विचारा तर. जाताना माझे डोले पुसले त्यानं. म्हणाला, 'आई, यापुढे बाबांना तुझ्या एकटीवर हसू देणार नाही. त्यांनी विचारलं ना, की मीपण तुझ्यासारखंच सांगणार, डोल्यांनी.'"