उचलू नये

तिलारी घाटात गाडी बंद पडली. श्रीरंग धुरी बॉनेट उघडून बघत होता, तेवढ्यात कडेच्या दगडावर टेकलेल्या त्याच्या बायकोच्या, शर्मिलाच्या, पायाला फुरसं चावलं.

"जोडवही, साप चावलाय! जवळचं कुणी आहे का बघ," तो फोनवर ओरडला.

जगातल्या सगळ्यांच्या फोनमधली नावं एकत्र जोडून जोडवही झाली, त्याला सहा वर्षं झाली होती. परक्या मुलखात ती नेमका नंबर शोधून द्यायची, आणि माणूस कसा आहे ते कळावं म्हणून लोकांनी त्याला दिलेली नावंही वाचून दाखवायची.

"चार किलोमीटरवर एक जण आहे. त्याच्याकडे जीप आहे," ती म्हणाली. "दोनशे बारा जणांनी नंबर 'सापवाले भाऊ' म्हणून ठेवलाय. चाळीस जणांनी 'देवमाणूस'. एकाने 'उचलू नये'."

श्रीरंगने नंबर पाहिला. तो एक म्हणजे तो स्वतःच होता. आईच्या बाराव्याला भांडण झालं, त्याच दिवशी त्याने धाकट्या भावाला, दिगंबरला, हे नाव देऊन टाकलं होतं.

आपण फोन लावला की आपण दिलेलं नाव समोरच्यालाही दिसायचं. श्रीरंग घाईघाईने ते खोडायला लागला.

"अहो, पाय सुजायला लागलाय," शर्मिला म्हणाली.

त्याने नाव तसंच ठेवून फोन लावला. दोनदा रिंग वाजली.

"उचललाय, दादा," दिगंबर म्हणाला. "बोल."