तुलनेला ठेवलेला डोळा

“बघितलं! अगं, वळून बघितलं त्यानं!” पाळण्यापाशी उभ्या असलेल्या सासूबाई ओरडल्या. “लाव आता त्या हॉस्पिटलला फोन. म्हणावं, उद्याचं ऑपरेशन नको आम्हाला.”

ती दारातच थबकली. हातात किल्ल्या, खांद्याला पर्स, आणि पर्सच्या आतल्या कप्प्यात प्रयोगशाळेतून न विचारता उचललेली करंगळीएवढी बाटली. साडेचार वाजून गेले होते. हो की नाही ते पाचच्या आत कळवायचं होतं.

बाळ नऊ आठवड्यांचं. जन्मतःच दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. त्यात हृदयाला बारीकसं भोक, म्हणजे भूल झेपेलच याची खात्री नाही. थांबावं, तर डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलेलं, “दहा आठवड्यांच्या आत उजेड आत गेला नाही, तर मेंदू बघायला शिकतच नाही. मग डोळे कितीही स्वच्छ करा.”

प्रयोगशाळेत ती रोज बघायची. खाटकाकडून आणलेल्या डोळ्यांतली दुधाळ भिंगं, बशीत, रेघांच्या कागदावर मांडलेली. नव्यानं बनवलेल्या रेणूचे थेंब सोडले की एकमेकांना चिकटून बसलेली प्रथिनं सुटी व्हायची, आणि तिसऱ्या दिवशी भिंगाखालच्या रेघा दिसू लागायच्या. पहिल्यांदा दिसल्या तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तिनं बाटली उचलली.

बाळाच्या डोळ्यात थेंब घालायला लागून आज आठवा दिवस.

“मी म्हणत होते ना, गुण येणार,” सासूबाई पदरानं डोळे टिपत म्हणाल्या. “पण काय गं, एकाच डोळ्यात का घालतेस? डाव्यानं काय तुझं घोडं मारलंय?”

“तुलनेला ठेवलाय, आई.”

बोलून गेली आणि तिच्याच अंगावर काटा आला.

“आई, मी कुलूप उघडलं तेव्हाच वळला का तो?”

“हो, तेव्हाच. तू आलीस आणि वळला. का गं?”

तिनं किल्ल्या मुठीत घट्ट आवळल्या. चपला काढल्या, श्वास धरला, आणि पाळण्याशी वाकून पर्समधला रेघांचा कागद बाळाच्या उजव्या डोळ्यासमोर धरला. डावीकडे नेला. उजवीकडे नेला. अगदी नाकाजवळ आणला. डोळा जागचा हलला नाही. बुबुळामागचा पांढरा ठिपका कालच्याएवढाच होता. बशीतलं भिंग उघडं असतं. हे डोळ्याच्या आत होतं.

मग तिनं उशामागे किल्ल्या हलवल्या. बाळ झटकन वळलं.

“बघ! बघितलं की नाही?” सासूबाई म्हणाल्या.

तिनं मान हलवली. नाही. सासूबाईंनी आधी तिच्याकडे बघितलं, मग किल्ल्यांकडे. मग त्या खालीच बसल्या.

“भूल नाही झेपली तर?” त्यांनी विचारलं.

पाच वाजायला अकरा मिनिटं होती. तिनं नंबर लावला.

“हो, उद्या आणतोय आम्ही त्याला,” ती म्हणाली. “आणि डॉक्टरांना एक सांगायचंय. उजव्या डोळ्यात मी आठ दिवस काहीतरी घातलंय.”

पाळण्यात बाळानं तिच्या आवाजाकडे तोंड वळवलं आणि ते हसलं.