बोल्टखालचा रंग
राजगुरुनगरजवळच्या उतारावर विलायती ट्रेलरचे विजेचे ब्रेक लागलेच नाहीत आणि त्याच्या रेट्यानं ट्रक ओढ्यात गेला. ड्रायव्हर जयसिंग जागीच संपला. तेरावा उरकून त्याची बायको कस्तुरा पिंपरीच्या गॅरेजात आली, तेव्हा मिस्त्री ज्योतीराम तोच ट्रेलर दुसऱ्या ट्रकला जोडून तपासत होता. त्यानं अर्थिंगच्या वायरचा बोल्ट काढला. खाली उघडं लोखंड हवं, तर लाल रंगाचा थर. वीज परतणार कुठून? खंडेनवमीला त्याच्यादेखत जयसिंगनं हाच बोल्ट सोडवला होता. पूजेला गंज दिसायला नको म्हणून कस्तुरानंच तिथं ब्रश फिरवला होता. ज्योतीरामनं रंग खरवडून वायर जोडली. ब्रेक करकचून लागले. “काय बिघडलं व्हतं, भावजी?” त्यानं टवके मुठीत आवळले. “उंदरानं वायर कुरतडली होती, वहिनी.” “अख्खा ट्रेलर रंगवला मी,” ती म्हणाली. “मला कशी दिसली न्हाई?”