अकरावीचं फिजिक्स

"फिजिक्सचे सर परत आलेच नाहीत," विजया मॅडम म्हणाल्या. "आणि फिजिक्स नाही म्हणजे अकरावी सायन्स नाही. यंदा मी वर्गच उघडत नाहीये, झहूरभाई."

झहूरने मान डोलावली. आखाती युद्ध संपून वर्ष उलटलं होतं. अब्बासियातल्या या भारतीय शाळेत मुलं परत येऊ लागली होती, शिक्षक मात्र निम्मेही जमले नव्हते. उपमुख्याध्यापिका विजया मॅडम सकाळी मॅथ्स शिकवायच्या आणि दुपारी ऑफिस सांभाळायच्या. शुवैखच्या स्पेअर पार्टच्या दुकानात गिऱ्हाइकाशी तास तास घासाघीस करणारा झहूर शाळेच्या ऑफिसात आला की त्याचा आवाज बसायचा.

"कॉमर्स घेऊ दे तिला. नाहीतर होम सायन्स आहे. तेही सायन्सच."

"त्यावर इंजिनिअरिंगची एन्ट्रन्स देता येते का, मॅडम?" ताहिराने विचारलं.

झहूरने लेकीकडे डोळे वटारून पाहिलं. मधे तोंड घालू नकोस, असं त्याने घरून निघतानाच बजावलं होतं.

"केमिस्ट्री आणि मॅथ्सला शिक्षक आहेत," ताहिरा म्हणाली. "फिजिक्स माझं मी करीन."

"दुसरा एखादा विषय असता तर मी हो म्हटलं असतं. हा नेमका सगळ्यांत अवघड. फिजिक्स घरी बसून होत नाही, बाळ."

"म्हणूनच शाळेत बसायला जागा मागतेय."

मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "तुमचं काय म्हणणं आहे, झहूरभाई?"

"माझी बहीण आहे दापोलीला," झहूर म्हणाला. "तिच्याकडे ठेवतो. तिथल्या कॉलेजात घेईल सायन्स."

"अफ्रीनलाही फूफूकडेच ठेवलं होतं, अब्बा. ती आता काय शिकतेय?"

अफ्रीन झहूरच्या भावाची मुलगी. बारावीची परीक्षा तोंडावर आली असताना तिचं स्थळ आलं आणि परीक्षा तशीच राहिली. निकाहात तिची संमती घेणारा वकील म्हणून झहूरच बसला होता. सही करताना बोटांवर मेंदी असलेल्या त्या पोरीने एकदा त्याच्याकडे पाहिलं होतं. ते पाहणं त्याने कुणाला सांगितलं नव्हतं.

मॅडम उठल्या. "चला. डोळ्यांनी बघितलंस म्हणजे पटेल तुला."

व्हरांड्याच्या टोकाला लॅब होती. मॅडमनी कुलूप काढून ते कडीत अडकवलं आणि दार ढकललं. आत सैनिक राहून गेले होते. कपाटांना दारं नव्हती. पंखे नव्हते, बटणं नव्हती, भिंतींतून वायरसुद्धा ओढून काढल्या होत्या. उरली होती ती फरशीला जखडलेली टेबलं आणि छतातून लोंबणारा, ट्यूबलाइट गेलेला एक लोखंडी गज.

"एक लेन्स नाही, एक मीटर नाही," मॅडम म्हणाल्या. त्यांचा आवाज दमलेला होता. "प्रॅक्टिकल कशावर करणार? परीक्षक आले तर मी त्यांना काय दाखवू?"

"रिकामी आहे हे मला माहीत होतं, मॅडम."

ताहिराने दप्तर उघडलं. आतून काळ्या दोऱ्याचं रीळ आणि कपडे मापायची टेप निघाली. दोन्ही तिच्या आईच्या, सुगराच्या शिलाई मशीनवरच्या होत्या आणि सुगरा त्या वस्तूंना घरात कुणाला हात लावू देत नसे. बायकोने आपल्याला सकाळी यातलं काहीच सांगितलं नाही, हे झहूरच्या तेव्हा लक्षात आलं.

मुलगी दाराकडे गेली, कडीतलं पितळी कुलूप काढून घेतलं आणि चपला काढून टेबलावर चढली.

"उतर गो खाली," झहूर म्हणाला.

ती उतरली नाही. दोरा चौपदरी करून तिने गजाला गाठ मारली, खालच्या टोकाला कुलूप बांधलं, ओढून बघितलं. मग टेप लावून लांबी मोजली आणि खाली उडी मारली.

"लंबकाचं प्रॅक्टिकल एवढ्यावर होतं, मॅडम. अब्बा, घड्याळ बघा. मी सोडलं की वेळ धरा. वीस झोके झाले की सांगते."

"मी?"

"मग कोण?"

झहूरने मॅडमकडे पाहिलं. त्याने घड्याळ मनगटावरून उतरवलं आणि चुरमुरे घेतल्यासारखं तळहातावर धरलं. सेकंदकाटा इतक्या जवळून त्याने कधी पाहिला नव्हता.

ताहिराने कुलूप थोडंसं बाजूला नेलं आणि सोडून दिलं. ते संथपणे पलीकडे गेलं, परत आलं. ती ओठांतल्या ओठांत मोजू लागली. सहा-सात झोक्यांनंतर कुलूप सरळ रेष सोडून गोल फिरायला लागलं. तिने ते हातात धरून थांबवलं.

"काय झालं?" झहूरने विचारलं. हिशेब चुकला की काय, अशी त्याला भीती वाटली.

"वारा लागतोय. परत घेऊ या."

दुसऱ्यांदाही तेच झालं. तिसऱ्यांदाही. तिचे कान लाल झाले, पण तिने गाठ सोडली नाही.

"आता बास," झहूर हळूच म्हणाला. "मॅडमना कामं असतील."

"घड्याळ धरा, अब्बा."

विजया मॅडम दाराशी उभ्या होत्या. त्या ऑफिसकडे निघाल्या असंच झहूरला वाटलं. पण त्या आत आल्या, टेबलांमधून वाट काढत खिडकीपर्यंत गेल्या. तिचं अख्खं तावदान फुटलेलं होतं आणि बाहेरून गरम, धुळीचा वारा आत येत होता. त्यांनी पदर अंगाभोवती घट्ट लपेटून घेतला आणि त्या भगदाडाला पाठ लावून उभ्या राहिल्या.

"हं," त्या म्हणाल्या. "सोड आता."