वरीलप्रमाणे

हेडमास्तरांनी कॉलेजच्या अंकाचं एकोणिसावं पान उघडलं, टेबलावर ठेवलं आणि फोटोवर बोट टेकवलं.

"हा मी," ते म्हणाले.

माजी विद्यार्थी कार्यालयातल्या बाईंनी आधी फोटो पाहिला, मग समोरचा माणूस. पानावर मथळा होता 'दिवंगत माजी विद्यार्थी'. त्याखाली काळ्या चौकटीत होते ते हेडमास्तर, आणि छत्री टेकून पुढ्यात उभे होते तेही तेच. बाईंच्या तोंडचं पाणी पळालं.

"अहो सर... बसा ना आधी."

"बसतो. मेलेल्या माणसाला फार वेळ उभं करू नये."

चिडायला ते आलेच नव्हते. खरं सांगायचं तर सकाळी स्वतःवरच्या त्या अकरा ओळी वाचताना त्यांना गुदगुल्याच झाल्या होत्या. 'शब्दाला पक्के', 'मुलांसाठी स्वतः छपरावर चढून गळती बुजवणारे'. जिवंतपणी इतकं चांगलं कोण बोलतं? त्यांनी मजकूर दोनदा वाचला, चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचला. मग पान उलटलं, पुढचं उलटलं, आणि जिचं नाव शोधत होते ते कुठेच नाही म्हटल्यावर उठून तडक बस पकडली.

"गेली ती ही. माझी बायको. तीन महिने झाले. तीही याच कॉलेजची, माझ्यामागून चार वर्षांनी."

बाईंनी कपाटातून फाइल काढली. दोघांची मिळून एकच होती आणि वर नाव हेडमास्तरांचं होतं. "तुमच्या मुलाचा फोन आला होता. घरात असं असं झालं म्हणाले. मी फाइल उघडली, वरचा कागद घेतला. कोण गेलं, ते विचारलंच नाही हो मी." त्यांचा आवाज अगदी बारीक झाला.

त्या ल्युथरन कॉलेजात वर्षातून एका रविवारी, चॅपलमधल्या अकराच्या उपासनेत, वर्षभरात गेलेल्यांची आयुष्यं वाचून दाखवत. एक नाव, चार ओळी, मग पुढचं नाव. तो रविवार आजचाच होता. भिंतीवरच्या घड्याळात सव्वादहा झाले होते.

"अजून वेळ आहे, सर. पाळकसाहेबांना मी सांगते. तुमचं काढू, त्यांचं घालू. तुम्ही फक्त चार ओळी लिहून द्या."

"चार कशाला, चाळीस लिहितो," हेडमास्तर म्हणाले आणि पेनचं टोपण उघडलं.

लिहिणं त्यांच्या हातचा मळ होता. निरोपाची भाषणं, शिफारसपत्रं, शाळा सोडल्याचे दाखले, सगळी हयात त्यात गेलेली. त्यांनी झरकन लिहिलं, 'अत्यंत प्रेमळ व कष्टाळू.' पाहिलं आणि खोडलं. ज्या मुलांचा चेहराही आठवत नसे, त्यांच्या दाखल्यावर ते नेमकं हेच लिहीत. मग लिहिलं, 'मला कधी डब्याशिवाय शाळेत जाऊ दिलं नाही.' त्याखाली, 'माझ्या दोन्ही ऑपरेशनांच्या वेळी रात्रंदिवस उशाशी बसून होती.' वाचून पाहिलं. पुन्हा तेच. हिच्याबद्दल लिहायला बसावं आणि ओळीत आपणच येऊन बसावं! एकाच दिवसात त्यांचा दुसरा मृत्युलेख तयार होत होता.

साडेदहा झाले. पावणेअकरा झाले.

"बाई," ते ओशाळून म्हणाले, "बारा वर्षांपूर्वी तुम्ही माहितीचे फॉर्म पाठवले होते ना? हिनेच भरले होते दोन्ही. मी म्हटलं होतं, मला कुठे वेळ आहे, तूच भर."

बाईंनी दोन्ही कागद पुढे सरकवले. पहिला हेडमास्तरांचा. तिच्या तिरक्या अक्षरात पाठपोट भरलेला, समाससुद्धा सोडला नव्हता. 'शब्दाला पक्के' तिथलंच. छपरावर चढणंही तिथलंच. आपल्याबद्दल हिला असं वाटायचं? बावन्न वर्षांत तोंडावर कधी बोलली नाही. हेडमास्तरांना एकदम भरून आलं.

दुसरा कागद तिचा. पत्ता: वरीलप्रमाणे. मुलं: वरीलप्रमाणे. नोकरी: नाही. खाली 'विशेष काही' या रकान्यात एकच ओळ. 'कॉलेजात असताना चॅपलचा ऑर्गन वाजवत असे.'

त्यांनी ती ओळ पुन्हा वाचली. घरात बाजा नव्हता, पेटी नव्हती, साधी बासरी नव्हती. होतं ते जेवणाचं टेबल. त्याच टेबलावर ते पेपर तपासत बसायचे आणि समोर बसल्या बसल्या हिची दहाही बोटं लाकडावर चालू असायची. डोकं वर न काढता ते म्हणायचे, "ती टकटक बंद कर बघू." आणि ती करायची बंद.

"ऑर्गन!" कागद बघून बाईंचा चेहरा खुलला. "आपल्या चॅपलमध्ये? मग हेच लिहू या की, सर! किती वर्षं वाजवला त्यांनी? कोणाकडे शिकल्या? आवडतं गीत कोणतं होतं त्यांचं? तेवढं सांगा पटकन. पाळकसाहेब दाराशीच थांबलेत."

हेडमास्तर गडबडीने खिसे चाचपू लागले. कोटाच्या आतल्या खिशात फोन सापडला.

"एक मिनिट हं," ते म्हणाले, "घरी हिला विचारून सांगतो."